कुत्र्याचे पोट बिघडणे

शिळेपाके किंवा न मानवणारे खाल्ल्यामुळे कुत्र्याला होणारी ओकारी व हगवण. बहुतेकदा ती एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. पण पार्वो हा विषाणूजन्य रोग, विषबाधा आणि आतड्यात अडकलेले हाड यांचीही सुरुवात अशीच होत असल्याने दवाखाना कधी गाठायचा, हे ओळखावे लागते.

मराठवाड्यात आखाड्यावरचे (शेतातल्या वस्तीवरचे) राखणीचे कुत्रे भाकरी-ताकावर वाढते. येळवशीला (वेळा अमावास्येला) लातूर-धाराशिवच्या शिवारात उरलेली भज्जी, म्हणजे सणाची मिसळ भाजी, त्याच्या पुढ्यात येते, कंदुरीनंतर (नवसाच्या मटणाच्या जेवणानंतर) हाडे. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या होतात. कांदा-लसणाने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. हा परिणाम दोन-चार दिवसांनी, पोट बरे झाले असे वाटत असताना दिसतो. हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते.

“गवत खाईल न् बरं होईल,” असे गावात म्हणतात. धडधाकट मोठ्या कुत्र्यापुरते ते पुष्कळदा खरे ठरते. ते शेपूट हलवत असेल, प्यालेले पाणी पोटात ठरत असेल, तर एक वेळचे जेवण टाळून थोडे थोडे पाणी आणि नंतर मऊ भात द्यावा. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नये. लस न झालेले पिल्लू ओकू लागले, मलूल झाले, दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण लागली, तर सकाळची वाट पाहणेही धोक्याचे. १९७८ मध्ये ओळखला गेलेला पार्वो विषाणू अशा पिल्लांना फार झपाट्याने संपवतो. लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी द्यावी लागते.

किती वेळा हगले हे मोजण्याइतकेच हिरड्या पाहणे गरजेचे आहे. बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला भाग २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. तसे न होणे, हिरड्या कोरड्या-चिकट लागणे, पाणीही न ठरणे, डांबरासारखी काळी विष्ठा, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच निघावे. पोट नगाऱ्यासारखे फुगून ओकारीच्या नुसत्याच उबळी येत असतील, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. त्यात हाताशी काही तासच असतात. खोल छातीच्या कुत्र्यांत हा धोका अधिक, आणि लातूर-उदगीरकडचे कारवान जातीचे शिकारी कुत्रे त्याच बांध्याचे.

कपाशीवरच्या फवारणीच्या दिवसांत लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे व थरथर ही कीटकनाशकाच्या विषबाधेची खूण समजावी. उंदराच्या औषधातील झिंक फॉस्फाइडपासून पोटातील आम्लामुळे विषारी वायू तयार होतो. अन्न पोटात गेल्यास आम्ल वाढते, म्हणून उतारा समजून दूध-भाकरी देऊ नये. माणसाची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही कुत्र्याला घातक आहेत.

परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेवढ्या लांब जाणे जमणार नसेल, तर तालुक्याचा जनावरांचा दवाखाना गाठावा. जाताना औषधाची बाटली किंवा वेष्टन आणि विष्ठेचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत असावा.