कालुंदर

कालुंदर हा सिक्लिडी कुलातील मासा असून त्याचे शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस असे आहे. या कुलातील बहुसंख्य जाती आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत आढळतात. भारताच्या मूळच्या जाती तीनच आहेत आणि त्यांत कालुंदर सर्वांत मोठा. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1790 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नसून मादागास्करात आहेत. हे नाते गोंडवन हा दक्षिणेकडील भूभागांचा प्राचीन महाखंड फुटला त्या काळाइतके जुने आहे की त्यानंतरचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

शरीर उंच, दोन्ही बाजूंनी चपटे व लंबगोल असते. रंग हिरवट करडा असून अंगावर थोड्या थोड्या अंतराने उभे गडद पट्टे असतात. वरच्या भागातील बहुतेक खवल्यांवर मोत्यासारखा पांढरा ठिपका, तर छातीच्या पराच्या मुळाशी काळा डाग दिसतो. लांबी 40 सेंमी.पर्यंत जाऊ शकते, मात्र बाजारात येणारे मासे सहसा त्याच्या निम्मेच असतात. बाजारात त्याच्याच शेजारी मांडलेल्या तिलापिया या परदेशी माशापासून तो ओळखायचा झाल्यास पोटाखालचा, गुदद्वारामागचा पर उघडून पाहावा : तिलापियाच्या या परात साधारणपणे 3 काटे असतात, कालुंदराच्या परात 12 ते 13.

दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या किनारी भागातील नद्यांची मुखे, खाड्या, खारकच्छ (समुद्रालगतची उथळ खाऱ्या पाण्याची सरोवरे) व तलाव हे याचे निवासस्थान होय. केरळातील वेंबनाड तलाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. गोव्यात तो खाड्यांत आणि खाजणांच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनींच्या, मानशींजवळ (पाण्याची ये-जा राखणाऱ्या दारांजवळ) मिळतो. मचूळ पाणी त्याला अधिक मानवते, परंतु पूर्णपणे गोड्या पाण्यातही तो जगतो व वाढतो. तंतुमय शेवाळ, पाणवनस्पती व कुजके सेंद्रिय द्रव्य हे त्याचे मुख्य अन्न असून त्याला जोड म्हणून कीटक व लहान मृदुकाय प्राणीही तो खातो.

खारटपणाच्या बाबतीत एवढा सोशिक असलेला हा मासा विणीच्या बाबतीत मात्र चोखंदळ आहे. नर व मादी जोडी जमवतात आणि पाण्यातील दगड, लाकूड किंवा झावळीचा पृष्ठभाग तोंडाने घासून स्वच्छ करतात. त्यावर मादी एकेक अंडे बारीक देठाने चिकटवत जाते. त्यानंतर दोघेही आळीपाळीने परांनी अंड्यांवर पाणी खेळवतात व मेलेली अंडी वेचून काढतात. पिल्ले बाहेर पडली की त्यांना तोंडात धरून तळाच्या मातीत खोदलेल्या खळग्यांत नेले जाते. पोहू लागल्यावरही त्यांचा थवा कित्येक दिवस आईबापांच्या पहाऱ्यातच फिरतो. ही सारी राखण नजरेवर चालते. त्यामुळे पाणी निवळ नसेल, किंवा तळाशी अंडी चिकटवण्याजोगे टणक काही नसेल, तर मासे भरपूर असूनही वीण साधत नाही. मत्स्यशेतीत तळ्यात झावळ्या, कौले वा दगड ठेवले जातात ते याचसाठी.

त्याच पाण्यात राहणाऱ्या, आकाराने बऱ्याच लहान असलेल्या नारिंगी सिक्लिडाशी याचा संबंध चमत्कारिक आहे. तो कालुंदराच्या अंगावरील परजीवी टिपून त्याला स्वच्छ करतो आणि संधी मिळताच त्याचीच अंडी फस्त करतो.

केरळ राज्याने 2010 मध्ये कालुंदराला, म्हणजे तेथील करीमीनला, राज्यमासा म्हणून घोषित केले. 1952 मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया अन्न आणि विणीच्या जागा या दोन्हींसाठी त्याचा प्रतिस्पर्धी ठरला आहे. खाडीच्या काठांचे भराव आणि गढूळ होत जाणारे पाणी यांचा फटकाही प्रौढ माशांपेक्षा आधी त्याच्या विणीलाच बसतो.