पॅकलीवरची 'एकत्रित आवृत्ती' म्हणजे आजचा कायदा नव्हे

पॅसिफिक महासागरातल्या बेटदेशांविषयीच्या लेखात कायद्याचं कलम दिलेलं दिसलं की मी आधी संदर्भ बघते. बहुतेक वेळा तिथे पॅकली या, तिथल्या देशांचे निकाल आणि कायदे देणाऱ्या संकेतस्थळाचा दुवा असतो, कलमाचा आकडा असतो, आणि ती प्रत कोणत्या सालापर्यंतची याचा पत्ताच नसतो. तरीही 'त्या देशात आज असा कायदा आहे' असं ठामपणे लिहिलेलं असतं. मूळ कायदा कधीच रद्द झालेला असला तरी हे वाक्य लेखामागून लेखात फिरत राहतं.

भारतीय निकालांसाठी इंडियन कानून हे संकेतस्थळ आपल्या सवयीचं आहे, कायद्याच्या मजकुरासाठी इंडिया कोड आहे. त्यावर वेळ घालवत नाही. पॅकली, म्हणजे पॅसिफिक आयलंड्स लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट, पहिल्या नजरेत तसंच वाटतं: फुकट, देश निवडायचा, निकाल किंवा कायदे उघडायचे. ते चालतं युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या विधी विभागातून, वानुआतूतल्या पोर्ट व्हिला इथून. हे विद्यापीठच मुळात बारा बेटदेशांनी मिळून चालवलेलं आहे. तुवालूची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. एवढ्याशा देशाचे निकाल नियमितपणे छापायला कोणता प्रकाशक येणार? त्यामुळे निकालांसाठी पॅकलीला खरोखर पर्याय नाही, आणि हे काम मला फार मोलाचं वाटतं.

पॅकलीवरची प्रत अधिकृत की अनधिकृत, यावर लोक उगाच वाद घालतात. न्यायालयात दाखल करायची असेल तर अधिकृत प्रत मिळवावी, एवढंच.

खरा घोळ कायद्यांच्या पानावर होतो. तिथे साधारण दोन साठे असतात. एकात त्या त्या वर्षी संसदेने संमत केलेले अधिनियम जसेच्या तसे असतात. त्यातला दुरुस्ती अधिनियम उघडला की 'अमुक कलमातला तमुक मजकूर वगळावा' असली वाक्यं दिसतात, आणि आपण तुकडा वाचतोय हे कुणालाही कळतं. दुसरा साठा एकत्रित आवृत्तीचा. त्यात सगळ्या दुरुस्त्या मूळ मजकुरात बसवलेल्या असतात, कलमं ओळीने लागलेली असतात, पान नीटनेटकं असतं. म्हणूनच वाचणारा फसतो. त्या दुरुस्त्या एका ठरावीक तारखेपर्यंतच्याच असतात. त्या तारखेनंतर संसदेने काय केलं, ते या पानाला माहीत नसतं.

इंडिया कोडवर केंद्रीय कायदे दुरुस्त्यांसह बघायची सवय असलेल्याला हे पटकन लक्षात येत नाही. एकत्रीकरण पॅकली करत नाही, ते त्या त्या सरकारच्या विधी कार्यालयाचं काम. प्रत्येक दुरुस्ती शोधून बसवायची, रद्द झालेलं वगळायचं, आणि हे करण्याचा अधिकारही कायद्याने मिळालेला असावा लागतो. मोजके मसुदाकार असलेल्या कार्यालयात नवी विधेयकं आधी हातात घेतली जातात, एकत्रीकरण मागे पडतं. सामोआत ते वर्षागणिक होत आलं आहे. पण वानुआतूची पॅकलीवरची एकत्रित आवृत्ती २००६ ची आहे आणि सॉलोमन बेटांची १९९६ ची.

याचा परिणाम किती गंभीर, ते जमिनीवरून बघा. वानुआतूच्या राज्यघटनेच्या ७३ व्या अनुच्छेदानुसार देशातली सगळी जमीन मूळच्या पारंपरिक मालकांची. त्यामुळे मालकीचा तंटा कोण सोडवणार, हा तिथला जिव्हाळ्याचा प्रश्न. २००६ च्या आवृत्तीत त्यासाठी पारंपरिक जमीन न्यायाधिकरणांचा कायदा दिसतो, प्रकरण २७१ (हा कायदेसंग्रहातला त्याचा क्रमांक). मात्र २०१३ च्या ३३ क्रमांकाच्या अधिनियमाने ती व्यवस्था मोडीत काढली आणि तंटे गावच्या नाकामालकडे, म्हणजे पारंपरिक सभेकडे दिले. जुनं पान वाचून लिहिणारा माणूस आता अस्तित्वातच नसलेल्या न्यायाधिकरणाचं वर्णन करतो. सॉलोमन बेटांच्या दंडसंहितेचंही तेच: लैंगिक गुन्ह्यांची कलमं २०१६ मध्ये नव्याने लिहिली गेली, १९९६ च्या प्रतीत ती कुठून येणार?

फिजीत गुंता आणखी वाढतो. जुन्या दंडसंहितेचं कलम १७५ समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवत होतं. २००५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरतं घटनाबाह्य ठरवलं. मजकूर तसाच राहिला, जसा २०१८ नंतर आपल्याकडे भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ चा राहिला होता. पुढे १ फेब्रुवारी २०१० पासून नवा फौजदारी कायदा आला आणि जुनी संहिताच गेली. ज्या १९९७ च्या राज्यघटनेवर तो निकाल उभा होता, तीही २००९ मध्ये रद्द झाली होती. आजची २०१३ ची आहे. हे सगळे जुने मजकूर अजून उघडून वाचता येतात, आणि ते यायलाच हवेत. २००३ सालचा खटला समजून घ्यायचा तर २००३ चा कायदाच लागतो. जुनी पानं काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

माझ्या मते सुरुवात कायद्यापासून करूच नये. त्या विषयावरचा अलीकडचा निकाल आधी शोधावा आणि न्यायाधीशांनी कोणत्या अधिनियमाचं कलम उतरवून घेतलंय ते बघावं. मग एकत्रित आवृत्तीचं साल बघून त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचे संमत अधिनियम चाळावेत. नुसत्या शीर्षकांवर भागवू नये, कारण निरसनाची, म्हणजे जुना कायदा रद्द केल्याची ओळ पुष्कळदा नव्या कायद्याच्या अगदी शेवटी असते. फिजीसाठी थेट सरकारी संकेतस्थळावरची २०१६ ची सुधारित आवृत्ती उघडावी आणि पुढचं तिथून मोजावं.

आणि संदर्भ देताना नुसता दुवा डकवू नये. 'वानुआतू, प्रकरण २७१, २००६ ची एकत्रित आवृत्ती. २०१३ च्या अधिनियम ३३ ने निरसित', एवढं लिहायला एक ओळ पुरते.