राउंडला घसा कोरडा पडणं वेगळं, स्वतःला कमी लेखणं वेगळं

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून बेळगावात एमबीबीएसला आलेली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. वॉर्डातल्या राउंडला, म्हणजे पेशंट तपासत फिरताना, सर विचारतात, "या पेशंटची हिस्टरी कुणी घेतली?" घेतलेली तिनेच असते. पण सगळ्या बॅचच्या नजरा वळतात, घसा कोरडा पडतो, हातातला कागद थरथरतो आणि तिच्या आधी दुसराच कुणी बोलून मोकळा होतो. घरचे म्हणतात, "पोरीत आत्मविश्वासच नाही." हे निदान घाईचं आहे.

तिला रूमवर एकटीला विचारा. केस पक्की पाठ असते आणि ते तिलाही ठाऊक असतं. भीती असते चारचौघांत हसं होण्याची. ही सामाजिक चिंता. १९९५ मध्ये क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी तिचं चक्र मांडलं: लक्ष समोरच्या प्रश्नावरून उडतं आणि स्वतःच्याच आवाजावर, घामावर खिळतं. मग मागच्या रांगेत उभं राहणं, फाइल घट्ट धरणं, वाक्य मनात घोकणं अशा पळवाटा निघतात. वेळ निभावते, पण आपण समजतो तेवढं काही बिघडत नाही, हे कळायची संधी हुकते.

तिच्याच बॅचमधला दुसरा मुलगा गॅदरिंगला निवेदन करतो, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, फाडफाड बोलतो. डिस्टिंक्शन मिळालं तर म्हणतो, पेपर सोपा होता. एका विषयात राहिला तर म्हणतो, माझी लायकीच ती. कुणी बघत असो वा नसो, त्याचा स्वतःबद्दलचा निकाल बदलत नाही. स्वप्रतिमा खचली आहे ती याची, आणि नेमकं याच्याकडेच कुणाचं लक्ष जात नाही.

मोजपट्ट्याही निराळ्या. सामाजिक चिंता मोजणारी लिबोविट्झची १९८७ची प्रश्नावली २४ प्रसंगांत भीती किती वाटते आणि ते टाळता किती, हे विचारते. स्वप्रतिमा मोजणाऱ्या रोझेनबर्गच्या १९६५च्या प्रश्नावलीत स्वतःविषयीची १० विधानं आहेत. सामाजिक चिंतेला आजार म्हणायचं तर ती साधारण सहा महिने टिकलेली आणि रोजच्या कामात आडवी येणारी हवी. खचलेली स्वप्रतिमा हा स्वतंत्र आजार नाही, मात्र नैराश्यात ती बरेचदा भेटते. दोन्ही एकत्रही नांदतात: राउंड टाळले की हात बसत नाही, आणि मग आपण खरंच कच्चे आहोत असं वाटू लागतं.

आमच्या भागात तिसरीच एक गफलत होते. कन्नड पेशंटपुढे अडखळणारी मुलगी मराठी पेशंटशी मोकळी बोलत असेल, तर तो सरावाचा प्रश्न आहे. (भाषेचा विषय निघाला की आपण सगळेच हळवे होतो, म्हणून स्पष्ट सांगितलं.)

उपाय अर्थातच वेगळे. पहिलीला "तू हुशार आहेस" सांगून फरक पडत नाही, तिला ते माहीतच आहे. तिला पायरीपायरीने बोलायला उभं करावं लागतं: आधी एका मैत्रिणीपुढे, मग युनिटपुढे. दुसऱ्याला स्टेजवर चढवून काय साधणार? त्याच्याशी त्याने स्वतःबद्दल दिलेल्या त्या निकालाबद्दलच बोलावं लागतं. कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. आणि व्हायवाआधी सीनियरने दिलेली प्रोप्रॅनोलॉलची (धडधड, थरथर कमी करणारी) गोळी डॉक्टरला न विचारता घेऊ नये. दमा असेल तर ती अंगाशी येते.