दयेला शिस्त लावणारा धर्मगुरू

वसई-मुंबईकडच्या कॅथलिक माणसाला ‘विन्सेंट डी पॉल सोसायटी’ नवी नाही. धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, कुणाकडे औषधाला पैसे नाहीत, कुणाच्या मुलाची फी थकली आहे, याची खबर या मंडळींना लागते आणि काहीतरी सोय होते. पुण्यात तर १८६७ पासून सेंट विन्सेंट्स हायस्कूल आहे. नाव इतकं ओळखीचं. पण हा माणूस कोण, असं विचारलं तर उत्तर ‘गरिबांचा कैवारी’ याच्या फारसं पुढे जात नाही.

विन्सेंटचा जन्म १५८१ चा, फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दाक्सजवळच्या पुई गावात. शेतकऱ्याचं घर. मुलगा हुशार निघाला. पाद्री झाला तर घराला हातभार लागेल, हा बापाचा हिशेब, आणि मुलाचाही तोच. लंगडत चालणारा, साध्या कपड्यांतला बाप एकदा शाळेत भेटायला आला, तेव्हा त्याच्यासमोर जायची विन्सेंटला लाज वाटली. ही हकिकत त्यांनी स्वतःच म्हातारपणी सांगितली आहे. १६०० साली ते धर्मगुरू झाले. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चचे नियम ठरवणाऱ्या ट्रेंटच्या धर्मसभेने चोवीस वर्षांची अट घातली होती. हे जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे. पुढची काही वर्षं बऱ्या उत्पन्नाची जागा शोधण्यात गेली. मधल्या काळात चाच्यांनी पकडून ट्युनिसला गुलाम म्हणून विकल्याची कथा चरित्रांतून रंगवलेली असते. ती त्यांच्याच पत्रांतली आहे, पण इतिहासकारांचं तिच्यावर एकमत नाही, म्हणून बाजूला ठेवतो.

१६१३ च्या सुमाराला ते पॅरिसच्या गोंदी घराण्यात मुलांचे शिक्षक झाले. घरधनी राजाच्या गॅली-नौकांचा, म्हणजे कैद्यांकडून वल्हवून घेतल्या जाणाऱ्या युद्धनौकांचा, सरसेनापती, पिकार्डीत मोठी जहागीर. १६१७ च्या जानेवारीत तिथल्या गान गावात एका मरणासन्न शेतकऱ्याने विन्सेंट यांच्याजवळ पापनिवेदन केलं. सज्जन म्हणून नावाजलेला माणूस, पण लाजेपोटी काही पापं त्याने वर्षानुवर्षं दडवून ठेवली होती. मन मोकळं झाल्यावर त्याने हे मादाम गोंदींनाही सांगितलं. सज्जनाची ही गत, तर बाकीच्यांचं काय, या विचाराने त्या हादरल्या. खेड्यातल्या काही पाद्र्यांना पापक्षमेचं लॅटिन सूत्रसुद्धा येत नसे. असा एक त्यांना स्वतःलाच भेटला होता. त्यांच्या आग्रहावरून २५ जानेवारीला फोलव्हिलच्या चर्चमध्ये विन्सेंट यांनी पापनिवेदनावर प्रवचन केलं. लोकांची इतकी रीघ लागली की आमियाँहून जेज्विट धर्मगुरूंना मदतीला बोलवावं लागलं. मिशनच्या कामाची सुरुवात ते पुढे याच दिवसापासून मोजत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते शातियाँ गावी धर्मग्राम सांभाळत होते. एका रविवारी मिस्सेच्या तयारीत असताना निरोप आला: गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी आहेत, एकमेकांकडे बघायलाही कुणी धड नाही. त्यांनी ते प्रवचनात सांगितलं. दुपारी स्वतः निघाले, तर वाटेवर बायकांची रांग. कुणी देऊन परतत होत्या, कुणी घेऊन चालल्या होत्या, उन्हाने दमलेल्या काही जणी वाटेच्या कडेला टेकल्या होत्या. असं दृश्य पाहून एखादा गहिवरला असता. विन्सेंट यांच्या मनात आलं ते असं, की आज आलेलं सगळं काही संपणार नाही, नासेल, आणि उद्या हे घर पुन्हा उपाशी राहील. दया पुष्कळ होती. तिला व्यवस्था नव्हती.

मग त्यांनी बायकांचं मंडळ उभं केलं आणि त्याची नियमावली लिहिली. ती वाचण्यासारखी आहे. पाळीपाळीने एकेकीने स्वयंपाक करायचा, खजिनदाराने हिशेब ठेवायचा. पाव, रस्सा, मांस, थोडी वाइन. मांस वर्ज्य असेल त्या दिवशी दोन अंडी आणि थोडं लोणी. आजाऱ्याच्या अंथरुणावर पाट मांडायचा, त्यावर फडकं अंथरायचं, हात धुवायला पाणी द्यायचं, चार शब्द हसून बोलायचे, भरवायला लागलं तर भरवायचं. आणि फेरीची सुरुवात ज्याच्याजवळ कुणीतरी आहे त्याच्यापासून करायची. एकटा असेल त्याच्याकडे शेवटी जायचं, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येतं. नियमावलीत असं कलम घालायला आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूसच लागतो.

१६२५ मध्ये गोंदी दांपत्याने दिलेल्या ४५,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देणगीतून ‘मिशनचा संघ’ स्थापन झाला. काम एकच: खेड्यापाड्यांत जाऊन विनामूल्य धर्मोपदेश. १६३२ मध्ये पॅरिसचा सेंट लाझार हा कुष्ठरोग्यांचा जुना मठ या संघाला मिळाला, म्हणून लोक त्यांना लाझारिस्ट म्हणू लागले.

बायकांच्या मंडळांचं लोण पॅरिसला पोचलं तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. उमराव घरांतल्या स्त्रिया पैसा देत, पण आजाऱ्याची घाण काढायची वेळ आली की मोलकरणींना पाठवत. तोड निघाली ती खेड्यातून. सुरेन गावची मार्गरीत नासो ही गुराखी मुलगी, स्वतःच्या जिद्दीने वाचायला शिकलेली आणि इतर मुलींना शिकवणारी, या कामासाठी पुढे आली. प्लेग झालेल्या एका मुलीला तिने आपल्याच बिछान्यात जागा दिली आणि १६३३ मध्ये त्याच रोगाने ती गेली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लुईज द मारियाक या विधवा बाईंनी अशा काही मुलींना स्वतःच्या घरी एकत्र राहायला बोलावलं. हाच सिस्टर्सचा ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ संघ.

आज रस्त्यावरून जाणाऱ्या सिस्टर्सचं कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा व्रतस्थ स्त्री म्हणजे मठाच्या भिंतीआड, असा ट्रेंटचा दंडक होता. फ्रान्सिस द सेल्स यांनी स्थापन केलेल्या व्हिजिटेशन संघातल्या भगिनी आजाऱ्यांच्या घरी जात, पण काही वर्षांतच त्यांनाही भिंतीआड जावं लागलं. विन्सेंट आणि लुईज यांनी भांडण न काढता वाट काढली. आमच्या मुली मठवासी नाहीतच, असं ते सांगत राहिले. व्रतं एकेका वर्षाची, पोशाख गावाकडच्या बायकांचा. आजाऱ्याचं घर हाच तुमचा मठ, भाड्याची खोली ही कोठडी आणि शहरातले रस्ते हे आवार, असं विन्सेंट त्यांना सांगत. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारभारातली सगळ्यात धाडसी चाल ही होती, आणि तिचं निम्मं श्रेय लुईज यांचं आहे.

पुढचा पसारा मोठा आहे: १६३८ पासून पॅरिसमधली टाकून दिलेली बाळं, मग युद्धाने उद्ध्वस्त झालेला लोरेन प्रांत. तिथे ब्रदर मात्यू रेनार मळक्या झोळीत पैसे लपवून लुटारूंच्या मुलखातून पन्नासहून अधिक खेपा करून आले. पिकार्डी आणि शांपेनमधल्या उपासमारीची वर्णनं छापून पॅरिसमध्ये वाटली गेली, ती वाचून देणग्या येत. १६५६ मध्ये राजाने भिकाऱ्यांना ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये कोंडायचा फर्मान काढला, तेव्हा मात्र विन्सेंट यांनी हात आखडता घेतला, तिथलं धार्मिक काम आपल्या संघाकडे घ्यायला त्यांनी नकार दिला. शिस्त गरिबावर कशी उलटू शकते, याचा अंदाज त्यांना आला असावा.

तरी त्यांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. गॅलीवर साखळदंडाने बांधलेल्या कैद्यांची त्यांनी सेवा केली, पण गॅलीची शिक्षाच का, हा प्रश्न जाहीरपणे उभा केला नाही. जहागीरदाराच्या पैशातून त्याच्याच कुळांचा उद्धार, या व्यवस्थेला त्यांनी धक्का लावला नाही. सतराव्या शतकाकडून ती अपेक्षा जास्तच म्हणा.

तो प्रश्न दोनशे वर्षांनी आला. १८३३ च्या एप्रिलमध्ये वीस वर्षांचा फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याचे काही सोबती पॅरिसमध्ये एकत्र आले. वादसभेत त्यांना टोमणा ऐकावा लागला होता: तुमच्या चर्चने एके काळी केलं असेल, आज काय करता? ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’च्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्यांना मुफतार वस्तीतली गरीब कुटुंबं दाखवली आणि विन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू झाली. दोघादोघांनी घरी जाऊन भेटायचं आणि बैठकीत गुप्त थैली फिरवायची, हे आपल्याकडचे रिवाज तिथलेच. पण ओझानाम तेवढ्यावर थांबला नाही. १८३६ च्या एका पत्रात त्याने लिहिलं, की येणारा झगडा ज्यांच्याकडे फार आहे आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांच्यातला आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८८५ मध्ये विन्सेंट यांना धर्मादाय संस्थांचे आश्रयदाते संत घोषित केलं आणि १८९१ मध्ये कामगारांचं वेतन आणि त्यांच्या संघटना यांवर परिपत्रक काढलं. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव निवडताना त्या परिपत्रकाचा उल्लेख केला. त्यांचं पहिलं प्रबोधनपत्र, ‘दिलेक्सी ते’, गरिबांवरच्या प्रेमाविषयी आहे.