झोप जायफळाची की पुरणाची?

कर्नाटकी बेंदराला बैलांना पोळी चारून झाली आणि पंगत उठली, की निपाणीपासून खानापुरापर्यंत दुपारी अडीचला घरोघरी तीच गत. सोप्यात चटई पडलेली, पंखा पाचवर, आणि दोष ठरलेला: "पुरणात जायफळ जास्त पडलंय."

हिशेब मांडून बघा. एक किलो हरभरा डाळ, एक किलो गूळ, त्यात अर्धं जायफळ. आख्खं जायफळ 5 ते 7 ग्रॅमचं, म्हणजे पडलं साधारण 3 ग्रॅम. या पुरणाच्या 30 पोळ्या झाल्या, तर एका पोळीत 0.1 ग्रॅम. चार पोळ्या हाणल्या तरी अर्ध्या ग्रॅमच्या आतच. जायफळातलं मिरिस्टिसिन मेंदूवर परिणाम करतं हे खरं, पण तो ठळकपणे दिसायला 5 ग्रॅमच्या आसपास जायफळ पोटात जावं लागतं. तेव्हाही गाढ झोप लागत नाही. उलट्या, धडधड, तोंडाला कोरड आणि भास होतात. तान्ह्या बाळाला झोपेसाठी उगाळून चाटवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, ते याचसाठी.

"रक्त पोटाकडं जातं, डोकं रिकामं पडतं" हेही तितकंच पोकळ. आतड्यांकडचा रक्तपुरवठा जेवणानंतर वाढतो खरा, पण निरोगी शरीर मेंदूचा पुरवठा जवळपास स्थिर ठेवतं.

तिसरा संशयित जरा दमदार आहे: ट्रिप्टोफॅन. हे अमिनो आम्ल मेंदूत शिरलं की त्याचं सेरोटोनिन आणि पुढं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक बनतं. पण मेंदूच्या दारात ल्युसीनसारख्या भावंडांची गर्दी असते. नुसता भात किंवा गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं, ही भावंडं स्नायूंत ओढली जातात आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. सिडनीत 2007 साली झालेल्या प्रयोगात, झोपण्याच्या चार तास आधी पटकन पचणारा भात खाल्लेल्या पुरुषांना सरासरी 9 मिनिटांत झोप लागली, सावकाश पचणारा खाल्ला तेव्हा साडेसतरा मिनिटांत. मात्र त्या जेवणात जवळजवळ 90 टक्के ऊर्जा कर्बोदकांची होती. पुरणात डाळ असते, एका पोळीत 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. एवढी असली की ही वाट पुन्हा बुजते. म्हणजे खानापूरकडच्या नुसत्या भाताला हा खुलासा थोडाफार लागू पडेल, पोळीला नाही.

मग पोळीनं डोळे का मिटतात? बहुधा भारामुळं. एका पोळीत गूळ, डाळ, कणीक मिळून 65 ते 70 ग्रॅम कर्बोदकं, तीन पोळ्यांत 200. वर तुपाची धार, आणि कटासोबत वाटीभर भात. तूप लहान आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं. ते पोट रिकामं व्हायला वेळ लावतं आणि तृप्तीचा निरोप मेंदूला पोचवतं. जेवणानंतरच्या सुस्तीशी त्याचा संबंध आढळला आहे. आपल्याला जागं ठेवणाऱ्या ओरेक्सिन पेशी ग्लुकोजनं मंदावतात. अमिनो आम्लं त्यांना चेतवतात, म्हणून डाळ थोडी भरपाई करते. त्यात दुपारी एक ते चार शरीराचं घड्याळच सैल असतं, उपाशी राहिलात तरी. सणाचं जेवण नेमकं त्याच वेळेला वाढलं जातं.

पहिल्या वाढपाला कोशिंबीर, उसळ घ्यावी, मग दोन पोळ्या; भात अर्धी वाटी. याच क्रमानं जेवलं तर साखर सावकाश चढते. नंतर 10-15 मिनिटं गल्लीत फेरी मारली तर स्नायू ग्लुकोज ओढून घेतात. आडवं व्हायचंच असेल तर 20 मिनिटांचा गजर लावावा. तासभर झोपलं तर उठल्यावर डोकं जड.

साध्या दोन भाकऱ्या खाऊनही रोज पेंग येत असेल, सोबत तहान, वारंवार लघवी असेल तर एचबीए1सी (मधुमेहासाठीची रक्ततपासणी) करून घ्यावी. घोरणं जोरात असेल तर झोपेतला श्वास तपासून घ्यावा. वयस्करांना जेवून उठताना चक्कर येत असेल तर तो रक्तदाबाचा घसरा असू शकतो, सुस्ती नव्हे.

पंगतीनंतर लगेच चोर्ला घाटातून गोव्याला गाडी न्यायची असेल, तर आधी कपभर चहा आणि लगोलग 15 मिनिटं डोळे मिटून पडावं. चहातलं कॅफिन भिनायला 20 ते 30 मिनिटं लागतात, उठून चावी फिरवेपर्यंत ते कामाला लागलेलं असतं. तरीही पापण्या जड वाटल्या, तर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यावं.