बी.फार्म (ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातला फार्मसीचा डिग्री कोर्स)

बी.फार्म म्हणजे बॅचलर ऑफ फार्मसी, सरकारी मराठीत औषधनिर्माणशास्त्राची पदवी. बारावी सायन्सनंतर चार वर्षं, आठ सेमिस्टर. ठाणे-नवी मुंबईत कोणी याला ॲडमिशन घेतली की घरी येणारा पाहुणा हमखास विचारतो, "मग काय, मेडिकल टाकणार का?" मेडिकल टाकता येतं, त्यात कमीपणा काहीच नाही, पण नुसतं दुकान चालवायचं असेल तर दोन वर्षांचा डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमासुद्धा पुरतो. बी.फार्मला चार वर्षं लागतात कारण त्यात औषध या गोष्टीचाच पार मुळापासून अभ्यास असतो, म्हणजे रेणू कुठून येतो, गोळीत कसा बसवतात, पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, आणि बॅच खराब निघाली तर ते कळणार कसं. एमबीबीएस हुकलं म्हणून घेतलेला कोर्स असं याला म्हणतात ते मला मुळीच पटत नाही, कारण यातले निम्मे विषय एमबीबीएसला नसतातच.

ॲडमिशन आणि कॉलेजं

प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर होतो. पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) चालतं, पीसीएमही (बायोलॉजीऐवजी मॅथ्स) चालतं, पेपर 200 मार्कांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही, मग राज्य सीईटी सेलचे कॅप राउंड, म्हणजे एकत्रित प्रवेशाच्या फेऱ्या. पीसीएमवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल बायोलॉजी घ्यावं लागतं आणि पीसीबीवाल्यांना रेमेडियल मॅथ्स, म्हणजे अकरावीत ज्याला रामराम ठोकला तोच विषय परत दारात उभा. डी.फार्म झालेल्यांना डायरेक्ट सेकंड इयरला घेतात आणि ही मुलं वर्गात लगेच ओळखू येतात, कारण त्यांना ब्रँडची नावं पाठ असतात पण ऑरगॅनिक केमिस्ट्री जड जाते. फीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येतो, उत्पन्नाचा दाखला ॲडमिशनच्या आधीच काढून ठेवावा, नंतर धावपळ होते.

या भागात बेलापूरला भारती विद्यापीठाचं कॉलेज ऑफ फार्मसी आहे, सानपाड्याला ओरिएंटल, नेरुळला डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचं स्कूल ऑफ फार्मसी, आणि ठाणे जिल्ह्यातच पण सेंट्रल लाइनवर आत उल्हासनगरला डॉ. एल. एच. हिरानंदानी कॉलेज. ठाण्यात राहणाऱ्या पोरांचा दिवस नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर लाइनची लोकल पकडून सुरू होतो. बेलापूर-नेरुळवाल्यांना पनवेल गाडी लागते, सानपाड्याला जायचं तर वाशी गाडी, आणि घाईत चुकीच्या गाडीत चढलं की तुर्भे गेल्यावर गाडी जुईनगरकडे वळते तेव्हा कळतं. अभ्यासक्रम फार्मसी काउन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजे पीसीआयचा. त्यामुळे बेलापुरात जे शिकवतात तेच नागपुरात.

थोडा इतिहास

भारतात फार्मसीचं विद्यापीठातलं शिक्षण 1932 मधे बनारस हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी सुरू केलं, म्हणून त्यांचा जन्मदिवस 6 मार्च फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळतात. फार्मसी ॲक्ट 1948 चा. मुंबईत कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी 1957 पासून आहे, नवी मुंबईतली कॉलेजं त्याच्या बऱ्याच नंतरची.

शिकवतात काय

खरा कोर्स इथे आहे. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, ॲनालिसिस. पुढे मायक्रोबायोलॉजी, फिजिकल फार्मास्युटिक्स, मग फार्माकोलॉजी (औषध शरीरात काय करतं), मेडिसिनल केमिस्ट्री आणि फार्माकोग्नसी (वनस्पतींपासूनची औषधं) दोन-दोन तीन-तीन भागात, त्यानंतर इंडस्ट्रियल फार्मसी, ज्युरिस्प्रुडन्स म्हणजे औषधांचे कायदे, बायोफार्मास्युटिक्स, क्वालिटी ॲश्युरन्स, आणि शेवटच्या वर्षी प्रॅक्टिस स्कूल आणि प्रोजेक्ट. यादी बघून घाबरायला होतं, पण यातलं बरंचसं घरातल्या औषधांच्या डब्यातच सापडतं. उदाहरणार्थ आजोबांची सॉर्बिट्रेट. ती छातीत दुखल्यावर जिभेखालीच का ठेवायची? गिळली तर औषध आतड्यातून आधी लिव्हरमधे जातं आणि तिथे त्याचा मोठा भाग रक्तात पोचायच्या आतच मोडून जातो, याला फर्स्ट पास मेटाबोलिझम म्हणतात, आणि जिभेखालून ते लिव्हरला वळसा घालून सरळ रक्तात जातं म्हणून काही मिनिटात काम करतं. तसंच ॲसिडिटीची पँटोप्राझोल. त्याच्यावरचं कोटिंग पोटातल्या ॲसिडमधे टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं, म्हणून ती गोळी चुरून दिली की औषध पोटातच नासतं. घरात म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून दिलेल्या मी बघितल्यात, अगदी प्रेमानी दिलेल्या, पण एसआर लिहिलेली गोळी, जी दिवसभर हळूहळू सुटायला हवी, ती कुटली की सगळा डोस एकदम अंगावर येतो. हे आईला समजावून सांगता आलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी शिकतोय.

लॅबचं सांगायचं तर पहिल्याच वर्षी सिंपल सिरप करायला लावतात, साखरेचा साधा पाक, पण वजनाने 66.7 टक्केच साखर हवी. कमी पडली तर बुरशी येते, जास्त झाली तर खडे बसतात. आजीचा मुरांबा वर्षभर टिकतो त्याच कारणाने हा टिकतो, साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंच्या वाट्याला ते येत नाही. फार्माकोग्नसीत अडुळशाचं पान ब्लेडने इतकं पातळ कापायचं की मायक्रोस्कोपखाली पेशी मोजता याव्यात, दहा काप वाया गेल्यावर एक जमतो, मग त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की लिग्निन लाल दिसतं. चूर्णात भेसळ आहे का हे ओळखायची ही जुनी पद्धत आहे आणि आयुर्वेदिक कंपन्यांत आजही वापरतात. गोळी पास की नापास हे ठरवायला फ्रायबिलेटर नावाचं फिरतं प्लॅस्टिकचं पिंप असतं, त्यात गोळ्या शंभर वेळा आपटून वजन एक टक्क्याहून जास्त घटायला नको, आणि डिसइंटिग्रेशनला सहा नळ्यांत सहा गोळ्या 37 अंशाच्या पाण्यात वरखाली करतात, साधी बिनकोटिंगची गोळी पंधरा मिनिटांत फुटलीच पाहिजे. फुटली नाही तर पेशंटच्या पोटातून ती तशीच बाहेर पडू शकते, पैसे गेले आणि ताप तिथेच.

या टेस्ट रटाळ वाटतात, जर्नल लिहिताना तर फारच, म्हणून प्रत्येक फर्स्ट इयरच्या वर्गात 1986 चं जे.जे. हॉस्पिटलचं प्रकरण सांगायला हवं असं मला वाटतं. तिथे पेशंटना दिलेल्या ग्लिसरॉलमधे डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, हे एक औद्योगिक सॉल्व्हंट, दिसायला ग्लिसरीनसारखंच दाट, पारदर्शक, चवीला गोड, पण किडनी निकामी करणारं. 14 माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंत व्यवस्था कुठे कुठे सडली होती ते उघडं पडलं. याच रसायनाने 1937 मधे अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या औषधातून शंभरावर बळी घेतले होते, म्हणजे धोका पन्नास वर्षं माहीत होता. डोळ्यांनी फरक दिसत नाही, टेस्ट केली तरच दिसतो. नंतर नोकरीत क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या टेबलवर कोणी म्हणालं की "सही कर रे, नेहमीचाच सप्लायर आहे", तर हात थांबायला हवा, आणि तो थांबावा यासाठीच ती लिमिट टेस्ट, ती टायट्रेशन, ते पाच पाच वेळा रीडिंग घेणं असतं.

परीक्षा

थिअरीला 75 बाहेरचे आणि 25 इंटर्नल, पासिंग 50 टक्के, हाजेरी 80 टक्के. पस्तीसवर पास व्हायची सवय असलेल्यांना पहिल्या सेमिस्टरला धक्का बसतो. केटी घेऊन, म्हणजे नापास विषय मागे ठेवून, पुढे जाता येतं पण पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्यात जाता येत नाही, त्यामुळे फर्स्ट इयरची केटी मागे ठेवू नये, सेकंड इयरच्या शेवटी नवे विषय आणि जुन्या केट्या एकदम अंगावर येतात. मराठी मीडियमच्या मुलांना पहिले सहा महिने इंग्रजी शब्दांचा मारा झेपत नाही, पण यात ग्रीक-लॅटिनचेच तुकडे परत परत येतात, हिपॅटो म्हणजे लिव्हर, नेफ्रो म्हणजे किडनी, असे शंभरेक तुकडे वहीत लिहून काढले की निम्मी भीती जाते. इंग्लिश मीडियमवाल्यांनाही ते नवेच असतात.

पट्टा आणि नोकऱ्या

इथे शिकायचा मोठा फायदा म्हणजे इंडस्ट्री त्याच रेल्वे लाइनवर आहे. एकेकाळी ठाण्यात ग्लॅक्सोचा कारखाना होता आणि तुर्भ्याला फायझरचा, जुन्या ठाणेकरांच्या घरात कोणी ना कोणी अशा कंपनीत कामाला असायचंच. पुढे टॅक्सच्या सवलतींमुळे गोळ्या बनवायचं बरंच काम हिमाचलमधल्या बद्दीकडे, सिक्कीमकडे सरकलं, पण रिसर्च इथे राहिलं. महापेला ग्लेनमार्कचं रिसर्च सेंटर, रबाळ्याला इंडोको आणि रिलायन्स लाइफ सायन्सेस, तळोज्याला अल्केम. सहाव्या सेमिस्टरनंतरची चार आठवड्यांची ट्रेनिंग अशा ठिकाणी मिळाली तर सोडू नये, कॉलेजात पुस्तकात बघितलेलं एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन, तिथे रांगेने चालू दिसतं.

आणखी एक मोठं क्षेत्र म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, बोलताना पीव्ही, ज्यात औषध बाजारात आल्यावर त्याचे जे दुष्परिणाम कळवले जातात त्यांची एकेक केस तपासून नोंदवायची. ठाणे-ऐरोलीच्या आयटी पार्कमधे यासाठी बी.फार्मवाल्यांना घेतात, एसी ऑफिस, शिफ्ट, कॉम्प्युटरवर काम, आणि लोक त्याला डेटा एंट्री म्हणून नाक मुरडतात. मला ते चुकीचं वाटतं. भारताचा स्वतःचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम 2010 पासून आहे, 1800-180-3024 या टोल-फ्री नंबरवर कोणीही सामान्य माणूस दुष्परिणाम कळवू शकतो, आणि तो फोन वाया जाऊ नये यासाठी मधे औषध समजणारा माणूस लागतोच.

बाकी वाटा थोडक्यात: जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म, मोहालीसारख्या नायपरला (राष्ट्रीय फार्मसी संस्थेत) जायचं तर तिथली वेगळी परीक्षा, एमपीएससीतून औषध निरीक्षक, सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी, एमआर (कंपनीचा औषध प्रतिनिधी), रेग्युलेटरी (औषधाच्या मंजुरीची कागदपत्रं). हॉस्पिटलच्या वॉर्डात डॉक्टरांसोबत काम करायचं असेल तर सहा वर्षांचा फार्म.डी वेगळा, तो भारतात 2008 मधे आला.

रजिस्ट्रेशन

डिग्री हातात आली म्हणून फार्मासिस्ट होत नाही. महाराष्ट्र राज्य फार्मसी काउन्सिलमधे नाव नोंदवावं लागतं, आणि ते ऑफिस ठाण्याच्या अगदी शेजारी, मुलुंड वेस्टला एलबीएस मार्गावर ईएसआयएस हॉस्पिटलच्या आवारात आहे. या नोंदणीवर मेडिकलचं लायसन्स उभं राहतं, कारण कायद्याने शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी औषधं रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची असतात, आणि त्याहून कडक अशा एच-वन यादीतल्या अँटिबायोटिक, टीबीच्या गोळ्यांची तर वेगळ्या रजिस्टरमधे पेशंटच्या नावासकट नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची. आता होतं काय, काही जण सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानाला महिन्याच्या भाड्याने देतात, भिंतीवर फ्रेम एकाची आणि काउंटरवर बारावी झालेला पोरगा, तो बिचारा स्ट्रिप कापून देतो आणि पेशंट दुसरी कुठली गोळी घेतोय हे विचारायचं त्याला माहीतच नसतं. वॉरफरिन चालू असलेल्या आजींना अंगदुखीसाठी कुठलीतरी पेनकिलर अशीच दिली जाते आणि आतून रक्तस्राव सुरू होतो. तिथे फार्मासिस्ट उभा असता तर त्याने फक्त एवढंच विचारलं असतं, "आजी, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?"