अक्कलकुवा : यादीत पहिला, वाटेत शेवटचा

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते. याचा अर्थ कुणी या भागाला मान दिला असा घेऊ नये. न्या. कुलदीप सिंह यांच्या आयोगाने २००१च्या जनगणनेवरून जी पुनर्रचना केली, तिच्यात क्रमांक वायव्य कोपऱ्यापासून दिले गेले आणि राज्याचा वायव्य कोपरा नेमका सातपुड्यात आहे. त्याआधीची यादी कोकणातल्या सावंतवाडीपासून सुरू व्हायची.

आजचा मतदारसंघ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. २००४पर्यंत अक्राणी नावाचा वेगळा मतदारसंघ होता. २००९च्या निवडणुकीपासून ते नाव यादीतून गेले, तालुक्याला मात्र राहिले. त्या तालुक्याचे ठाणे धडगावला आहे, त्यामुळे लोक बोलताना धडगावच म्हणतात.

नकाशावर दोन तालुके शेजारी दिसतात. प्रत्यक्षात अक्कलकुवा गाव डोंगराच्या पायथ्याशी, गुजरातच्या वाटेवर. तिथून देवगोई घाट चढला की मोलगी. धडगावला तळोद्याहून जायचे तर चांदसैली घाट, आणि पावसाळ्यात दरड आली की तोही बंद. उत्तरेला नर्मदा, तिच्या पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. गाव म्हणून कागदावर जे एक नाव असते ते प्रत्यक्षात टेकड्यांवर विखुरलेले अनेक पाडे असतात. मतदान केंद्र एका पाड्यात आणि मतदार दोन ओढे पलीकडे, ही इथली नेहमीची गोष्ट. आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते ते याच रचनेमुळे.

या भागाच्या सीमा ठरवण्यात धरणांचा वाटा मोठा आहे. १९६०मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली बरीच गावे गुजरातकडे गेली. तापीवरच्या उकाई प्रकल्पाचा विचार त्यामागे होता. डोंगरातले भिल्ल पाडे मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना एकाच नात्यागोत्यातले राहिले. सोयरीक आजही सीमा ओलांडून होते, मतदान तेवढे अलीकडे किंवा पलीकडे.

दुसरे धरण सरदार सरोवर. महाराष्ट्रातली ३३ गावे त्याच्या बुडितात आली, सगळी याच दोन तालुक्यांतली. त्यांतले मणिबेली नव्वदीच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनाचे ठिकाण म्हणून जगभर पोचले. राज्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्रही मणिबेलीचेच! नर्मदाकाठच्या काही केंद्रांवर यंत्रे आणि कर्मचारी बोटीने जातात. जिथे मोबाइलची रेंज नाही अशा केंद्रांना निवडणूक कार्यालय ‘शॅडो एरिया’ म्हणते आणि निरोपासाठी वेगळी सोय करते.

बुडिताचा मतदारयादीवरचा परिणाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर फारसे लिहिले जात नाही. विस्थापितांपैकी अनेकांना तळोदा तालुक्यात, सोमावल-रोझवा परिसरात, वनजमीन मोकळी करून वसवले. तळोदा तालुका आज शहादा मतदारसंघात आहे. म्हणजे डोंगरातले भाऊबंद काठावरच राहिले तर अक्कलकुव्याचे मतदार, आणि वसाहतीत उतरले तर शहाद्याचे.

बाहेरून येणारे बातमीदार ‘आदिवासी मते’ असा एक गठ्ठा धरून आकडेमोड करतात. अक्राणीत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत हे खरेच, पण तेवढ्याने काही कळत नाही. धडगावकडे पावरा समाज मोठा, अक्कलकुवा-मोलगीकडे वसावे, पाडवी, वळवी, तडवी ही आडनावे जास्त. बोली वेगळ्या : पावरी, देहवाली, नोयरी. जुन्या मेवासी संस्थानांची, म्हणजे डोंगरातल्या छोट्या सरदारांच्या वतनांची, आठवण अजून आहे. त्यांतल्या काठीची राजवाडी होळी पाहायला राज्यभरातून लोक येतात. त्यात पायथ्याच्या बाजारगावांचे बिगरआदिवासी मतदार वेगळेच. उमेदवार कुठला, धडगावचा की खालचा, हा प्रश्न पक्षाच्या चिन्हाइतकाच विचारला जातो.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे माणसे जातात. मे महिन्यात बरीचशी परतलेली असतात, लग्नसराईही असते. १३ मे २०२४ला नंदुरबार लोकसभेत सत्तर टक्क्यांहून जास्त मतदान झाले, राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच वर. रस्ते चांगले म्हणून मतदान जास्त होते, हा शहरी समज इथे टिकत नाही.

के. सी. पाडवी या डोंगराचे सात वेळा आमदार, आधी अक्राणीतून आणि मग अक्कलकुव्यातून. २०१९मध्ये शिवसेनेच्या आमश्या पाडवींना त्यांनी तीन हजारांच्या आतल्या फरकाने हरवले आणि ते आदिवासी विकास मंत्री झाले. २०२४च्या मे महिन्यातल्या लोकसभेला त्यांचे पुत्र गोवाल पाडवी काँग्रेसकडून दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. त्यात पराभूत झालेल्या भाजपच्या हिना गावित मग विधानसभेला अक्कलकुव्यातून अपक्ष उभ्या राहिल्या. लढत तिरंगी झाली, तिघांच्या मतांत फार अंतर नव्हते, आणि या वेळी शिंदे गटाकडून लढलेले आमश्या पाडवी पुन्हा तीन हजारांच्या आतल्याच फरकाने जिंकले. लोकसभेचे दीड लाखाचे मताधिक्य सहा महिन्यांनी वडिलांच्या कामी आले नाही.